‘तपासले’ या शब्दाची गवाही

वहीच्या पानाखाली लाल शाईने ‘तपासले’ असे लिहून सही ठोकण्याची सवय आम्हा शिक्षकांच्या हाताला इतकी जडलेली असते की, त्या एका शब्दाने आपण कशाची गवाही देत आहोत, हा विचार सहसा मनाला शिवत नाही. साठ-साठ वह्यांचे गठ्ठे, दोन तासिकांमधली मोकळी वेळ, बाहेर पोरांचा गोंगाट. पान उलटायचे, नजर फिरवायची, सही करायची. सही करणारा खरोखर तपासतोच असे नाही, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते, मुख्याध्यापकांना ठाऊक असते आणि आम्हालाही. तरी त्या सहीवर घरातल्या अडाणी आईचा विश्वास असतो. तिला वाचता येत नाही, पण लाल शाई दिसते.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो एका माजी विद्यार्थिनीमुळे. आमच्या उर्दू शाळेतून दहावी झाली, तीन वर्षे आमच्याकडे गणित शिकली आणि आता अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, संगणक शाखेत. गेल्या रमजानमध्ये असरनंतर ती भावाला बरोबर घेऊन घरी आली. सलाम-दुआ झाली, घरच्यांची खुशाली झाली, आणि मग लॅपटॉप उघडून म्हणाली, “सर, सब हरा आ रहा है, फिर भी गलत है.”

सगळे हिरवे आणि तरी चूक, हे प्रकरण समजून घ्यायला आम्हाला इफ्तारपर्यंतचा वेळ लागला. वाचकांपैकी ज्यांचा संगणकाशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्राम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना. त्या बरोबर आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी दुसरे छोटे प्रोग्राम लिहितात, त्यांना टेस्ट म्हणतात. प्रत्येक टेस्ट म्हणते, अमुक आकडा आत घातला की तमुक आकडा बाहेर आला पाहिजे. आला तर हिरवी खूण, नाही आला तर लाल. टेस्ट लिहिणे हे कंटाळवाणे काम, आमच्या वह्या तपासण्यासारखेच. त्यामुळे अलीकडे हे काम लँग्वेज मॉडेलकडून करून घेण्याची रीत पडली आहे. लँग्वेज मॉडेल म्हणजे अफाट मजकुरावर घडवलेले असे यंत्र की जे आधीचे शब्द पाहून पुढे काय यावे याचा अंदाज करत करत लिहीत जाते. त्याला प्रोग्राम दाखवायचा आणि सांगायचे, याच्या टेस्ट लिहून दे. अर्ध्या मिनिटात चाळीस टेस्ट हजर. या टेस्ट कितपत भरवशाच्या असतात, हा आमच्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पाचा विषय होता.

नमुन्यासाठी तिने घरातलाच विषय घेतला होता, जकातचा हिशेब. साडेबावन्न तोळे चांदी किंवा तिच्या किमतीएवढी मालमत्ता हा निसाब. तेवढी ऐपत वर्षभर राहिली तर चाळिसावा हिस्सा जकात. आपल्याकडचे पोरही हे सांगेल. तिने प्रोग्राम लिहिला आणि घाईत एक चूक केली. निसाबाएवढी किंवा त्याहून जास्त मालमत्ता असेल तर जकात, असे लिहायचे ते ‘त्याहून जास्त असेल तर’ एवढेच लिहिले. म्हणजे ज्याच्याकडे बरोबर साडेबावन्न तोळे आहेत त्याला तिचा प्रोग्राम म्हणणार, तुझ्यावर जकात नाही. वास्तविक त्याच्यावर सव्वा तोळ्याहून थोडी जास्त चांदी वाजिब आहे.

मॉडेलने टेस्ट लिहिल्या. सीमेवरची किंमत घ्यायलाही ते विसरले नाही. बरोबर साडेबावन्न तोळे आत घातले. आणि अपेक्षित उत्तर काय लिहिले? शून्य. कारण समोरच्या प्रोग्रामच्या ओळी वाचून त्याने ठरवले की इथे शून्य यायला हवे. प्रोग्रामने शून्य दिले, टेस्टने शून्य मागितले, हिरवी खूण उमटली.

मॉडेल खोटे बोलले असे आम्ही म्हणणार नाही. खोटे बोलायला खरे काय ते ठाऊक असावे लागते. ‘हा प्रोग्राम काय करतो’ या प्रश्नाचे उत्तर त्याने अगदी चोख दिले होते. चूक अशी की तिला विचारायचे होते, ‘या प्रोग्रामने काय करायला हवे’. हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत हे आम्हाला त्या संध्याकाळी एकदम लख्ख दिसले, आणि दिसले ते एका जुन्या, लाजिरवाण्या आठवणीमुळे.

नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची गोष्ट. घटक चाचणीत आम्ही एक प्रश्न घातला होता. १०० मीटर लांबीच्या सरळ रस्त्याच्या एका कडेला दर १० मीटरवर एक झाड लावायचे आहे, दोन्ही टोकांनाही झाड हवे, तर एकूण झाडे किती? आदर्श उत्तरपत्रिका आम्हीच तयार केली. भागिले दहा, उत्तर दहा. वर्गातल्या बहुतेकांनी दहा लिहिले. एका मुलाने अकरा लिहिले, शेजारी रेघ ओढून तिच्यावर अकरा ठिपके काढले. आम्ही त्याच्या अकरावर फुली मारली. तो पेपर घेऊन टेबलाशी आला. आम्ही त्याचे ठिपके मोजलेसुद्धा नाहीत. म्हणालो, “उत्तरपत्रिकेत दहा आहे.” तो गेला. त्यानंतर वर्षभरात त्याने कुठलीही शंका विचारल्याचे आम्हाला आठवत नाही. चूक आमच्या लक्षात आली ती पुढच्या वर्षी, तोच प्रश्न फळ्यावर सोडवताना. तोवर पेपर रद्दीत गेले होते आणि मुलगा दुसऱ्या शाळेत.

बी.एड.ला मूल्यमापनाच्या पेपरात आम्ही विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला फरक घोकून लिहिला होता. पुन्हा पुन्हा मोजले तरी तेच माप येणे ही विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाणे ही सप्रमाणता. आमची उत्तरपत्रिका अत्यंत विश्वसनीय होती. कितीही वेळा तपासले असते तरी त्या मुलाला शून्यच मिळाले असते.

मोठ्यांच्या घरीही हे घडते, एवढेच समाधान. मॉडेलना प्रोग्राम लिहिता येतात की नाही हे मोजण्यासाठी ओपनएआय या कंपनीने २०२१ मध्ये १६४ प्रश्नांचा एक संच काढला. पुढे जगभर याच संचावर मॉडेलचे गुण जाहीर होऊ लागले. २०२३ मध्ये काही संशोधकांनी त्याच प्रश्नांच्या टेस्ट सुमारे ८० पट वाढवून पाहिल्या, तेव्हा आधी उत्तीर्ण ठरलेले कित्येक प्रोग्राम नापास झाले. आणि आमच्या जिवाला जरा थंडावा देणारी गोष्ट म्हणजे, संचासोबत दिलेल्या आदर्श उत्तरांतलीही काही चुकीची निघाली.

आता विद्यार्थिनीच्या कामाचा खरा गाभा. टेस्ट चांगल्या आहेत की नुसत्याच हिरव्या, हे ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे, तिला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ मध्ये विद्यार्थी असताना ती प्रथम मांडली आणि १९७८ मध्ये डीमिलो आणि सेवर्ड यांच्याबरोबरच्या निबंधात ती रुजवली. युक्ती अशी की, प्रोग्राममध्ये मुद्दाम एकेक बारीक चूक पेरायची. अधिकच्या जागी उणे, ‘जास्त’च्या जागी ‘कमी’. अशा प्रत्येक बिघडवलेल्या प्रतीला म्युटंट म्हणतात. मग टेस्ट चालवायच्या. एखादी टेस्ट लाल झाली तर तो म्युटंट ‘मारला’ गेला; सगळ्या हिरव्याच राहिल्या तर तो ‘जिवंत’ सुटला. जितके जास्त मारले जातील तितक्या टेस्ट जागरूक. वर्गात गुपचूप चुकीचे उदाहरण फळ्यावर लिहून कोण हात वर करतो ते पाहण्यासारखेच हे.

तिने हे केले. म्युटंट भराभर मारले गेले, गुण छान आले. प्रोग्रामची एकूण एक ओळ टेस्टनी चालवून पाहिली होती, तो आकडा शंभर टक्के. मार्गदर्शक प्राध्यापक खूश झाले. अहवाल लिहायला घे म्हणाले. लिहिता लिहिता ती मारलेल्या म्युटंटची यादी वाचत होती. नियमाने ती वाचायची गरज नसते, आकडा पुरतो. वाचता वाचता तिला एक म्युटंट असा दिसला की ज्यात ‘त्याहून जास्त’ बदलून ‘तेवढी किंवा त्याहून जास्त’ झाले होते. म्हणजे यंत्राने चूक पेरायला जाऊन नकळत प्रोग्राम दुरुस्त केला होता. बरोबर प्रोग्राम तो एकटाच होता आणि टेस्टनी त्यालाच लाल ठरवून मारले होते. एवढेच नव्हे, त्याला मारल्याचा एक गुण तिच्या खात्यावर जमा झाला होता.

हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे अकरा ठिपके आले, हे वेगळे सांगायला नको.

टेस्टच्या शास्त्रात बरोबर उत्तर कोण सांगणार या प्रश्नाला ओरॅकलचा प्रश्न म्हणतात. ओरॅकल म्हणजे जुन्या ग्रीकांकडची, देवाच्या वतीने कौल देणारी जागा. नाव गमतीदार आहे, पण कबुली प्रामाणिक आहे. टेस्ट कितीही लिहा, अखेर कोणीतरी बाहेरून सांगावे लागते की खरे काय. जकातच्या बाबतीत हा बाहेरचा कौल म्हणजे शरीअतचा मसला. पण तिथेही गोष्ट सरळ नाही. तिच्या हॉस्टेलच्या खोलीत कोकणातली एक मुलगी राहते. तिने प्रोग्राम चालवून पाहिला, आईचे अंगावर वापरायचे सोन्याचे दागिने भरले आणि म्हणाली, हा चुकतोय, वापरातल्या दागिन्यांवर जकात नसते. आमची विद्यार्थिनी म्हणाली, असते. दोघी रात्रभर भांडल्या. दोघीही बरोबर होत्या. कोकणी मुसलमान शाफई, त्यांच्यात स्त्रीच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, हनफींमध्ये आहे. एकाच आकड्याला एका घरात हिरवी खूण आणि दुसऱ्या घरात लाल. मॉडेलला हा फरक विचारला तर ते दोन्ही मते व्यवस्थित सांगते, असे ती म्हणाली. पण टेस्ट लिहिताना त्याने एकदाही विचारले नाही की, बाई, तुझे घर कोणते?

दुसरी चूक तिला सापडलीच नव्हती. ती सापडली तिच्या दादीला. दादी शाळेत गेलेली नाही. नात काय करते म्हणून शेजारी बसली होती. नातीने सांगितले की, माल हाती आल्याच्या दिवसापासून ३६५ दिवस झाले की जकात लागू. दादी म्हणाली, “रमजान ते रमजान म्हण की.” जकातचे वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचे. शाळेतल्या कॅलेंडरने नातीच्या डोक्यात ३६५ पक्के बसवले होते. मॉडेलने प्रोग्राममधला ३६५ पाहिला आणि टेस्टमध्येही तोच घातला. त्यालाही त्यात काही वावगे वाटले नसावे, कारण जगातल्या बहुतेक लिखाणात वर्ष म्हणजे ३६५च. दहा-अकरा दिवसांचा फरक किरकोळ वाटेल. पण ३२ सौर वर्षांत ३३ चांद्र वर्षे बसतात. म्हणजे त्या प्रोग्रामवर विसंबणारा माणूस उमेदीच्या वयापासून म्हातारपणापर्यंत एका अख्ख्या वर्षाची जकात चुकवील, आणि ती ज्यांच्या हक्काची, त्या बेवा-यतिमांना कधी कळणारही नाही की आपले काही राहिले आहे.

आम्ही तिला विचारले, मॉडेलकडून एकदाच टेस्ट लिहून घेण्याऐवजी दहा वेळा लिहून घेतल्या तर? ती हसली. म्हणाली, तेही केले. दरवेळी टेस्ट वेगळ्या येतात, चूक तीच राहते.

इथे आम्हाला मदरशात थोडेफार ऐकलेला हदीसचा इल्म आठवला. मुहद्दिसांनी एखादी हदीस पारखताना नुसता मजकूर पाहिला नाही, सनद पाहिली. कोणी कोणाकडून ऐकले, ते दोघे एकमेकांना भेटले होते का, सांगणाऱ्याची याददाश्त कशी होती, त्याची सचोटी कशी होती. आणि या इल्ममधली एक गोष्ट आमच्या मते आजच्या काळात फार मोलाची आहे. सनदीच्या कुठल्याही एका पायरीवर सांगणारा एकटाच असेल, तर पुढे त्याच्याकडून शंभर जणांनी ऐकून सांगितले तरी ती हदीस ‘गरीब’च राहते, म्हणजे एकट्या माणसाच्या तोंडची. एकटा माणूस खरा असू शकतो, पण त्याला शंभर गवाह म्हणता येत नाही. मॉडेलच्या चाळीस टेस्ट आम्हाला तशा वाटतात. चाळीस तोंडे, सनद एकच. आणि ती जाऊन पोचते त्याच प्रोग्रामपाशी ज्याच्यावर खटला चालू आहे.

माणसांनी वेगवेगळे बसून काम केले म्हणजे तरी गवाह वेगळे होतात का? १९८६ मध्ये अमेरिकेत जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी हे तपासले. दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांकडून एकाच प्रश्नावर स्वतंत्रपणे २७ प्रोग्राम लिहून घेतले आणि प्रत्येकावर दहा लाख टेस्ट चालवल्या. कल्पना अशी होती की वेगवेगळ्या डोक्यांच्या चुका वेगवेगळ्या ठिकाणी पडतील. तसे झाले नाही. निव्वळ योगायोगाने जितक्या वेळा घडले असते त्याहून कितीतरी जास्त वेळा निरनिराळे प्रोग्राम त्याच त्या अवघड जागी एकदम चुकले. अवघड जागा सगळ्यांनाच अवघड असते. आमच्या वर्गातही त्या साऱ्यांनी एकमेकांचे पाहून दहा लिहिले नव्हते.

सूरह बकरातली कर्जाच्या लिखापढीची आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिच्यात व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. लिहिणारा वेगळा, लिहून घेण्यासाठी मजकूर सांगणारा वेगळा, आणि गवाह त्यांच्याहून वेगळे. लिहिणाऱ्याचीच गवाही धरा, असे तिथे म्हटलेले नाही. आजवर आम्ही ही आयत व्यापाऱ्यांसाठी आहे असे समजत होतो. आता वाटते की तिच्यात कारकुनी सोयीपेक्षा जास्त काही आहे. ज्याने लिहिले त्याच्या डोळ्यांना आपले लिखाण बरोबरच दिसते. त्यात त्याचा बदइरादा असावा लागत नाही.

कोणी म्हणेल, मग काय कशावर भरोसाच ठेवायचा नाही? तसे जगता येत नाही. नानबाईकडून आणलेल्या पावात काय आहे हे आम्ही तपासत नाही, डॉक्टरने दिलेली गोळी मुकाट गिळतो. भरोसा ठेवणे हा गुन्हा नाही. आमचा आक्षेप भरोसा आणि गवाही यांची गल्लत करण्याला आहे. पाव खाताना आम्ही भरोसा ठेवतो. पण पावाच्या शुद्धतेच्या दाखल्यावर सही करायची झाली तर तोच भरोसा पुरत नाही. पाहिले असेल तरच गवाही देता येते. मॉडेलला दोष देऊन हात झटकणेही आम्हाला पसंत नाही. आमच्या विद्यार्थिनीनेच सांगितले की, रकमेच्या जागी उणे आकडा भरला तर, रकाना रिकामा सोडला तर, अशा दोन जागा तिला सुचल्याच नव्हत्या, त्या मॉडेलने दाखवल्या. चांगला, न थकणारा मदतनीस आहे. पण गवाहाच्या पिंजऱ्यात मदतनिसाला उभे करून आपण घरी जाता येत नाही.

घरी गेलेल्यांची एक गोष्ट अलीकडच्या काळातच घडली आहे. ब्रिटनमध्ये १९९९ पासून पोस्टाच्या कचेऱ्यांत होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवण्यात आली. गावोगावच्या छोट्या कचेऱ्या चालवणारे सब-पोस्टमास्तर रात्री हिशेब जुळवायला बसत आणि संगणक तूट दाखवी. त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले, घरे गहाण टाकली. त्यांत आपल्या उपखंडातून तिकडे गेलेल्या घरांतले लोकही पुष्कळ होते. भारतीय वंशाची एक गर्भवती स्त्री २०१० मध्ये तुरुंगात गेली. तक्रार केली की अनेकांना उत्तर मिळे, असे फक्त तुमच्याकडेच होते आहे. तिथल्या कायद्यात १९९९ मध्ये बदल होऊन न्यायालये असे धरून चालू लागली की संगणक नीटच चालत असतो. नव्हता असे ज्याला म्हणायचे असेल त्याने ते दाखवावे. रात्री दुकान बंद करून हिशेब जुळवणाऱ्या माणसाने ते कसे दाखवावे? २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक गुन्हेगार ठरले. प्रणालीतच दोष होते हे उच्च न्यायालयाने म्हटले डिसेंबर २०१९ मध्ये. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या आणि मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून बाकी शेकडो शिक्षा पुसाव्या लागल्या. तोवर कित्येक जण कबरीत गेले होते. तिथे लँग्वेज मॉडेल नव्हते. तिथे होते ते फक्त ‘उत्तरपत्रिकेत दहा आहे’ हे वाक्य, इंग्रजीत.

आता त्या संध्याकाळच्या खऱ्या पेचाकडे येतो. विद्यार्थिनी आमच्याकडे संगणक शिकवायला आलेली नव्हती. तिने प्राध्यापकांना तो मारला गेलेला बरोबर म्युटंट दाखवला होता. ते म्हणाले, हे एक उदाहरण आहे. बरोबर साडेबावन्न तोळे नेमके असणारा माणूस तुला आयुष्यात भेटणार आहे का? आकडे चांगले आहेत, अहवाल दे, महाविद्यालयाच्या परिषदेत निबंध वाच. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. तसा माणूस खरेच भेटणार नाही. पण हे लिहिले तर तिच्या अहवालातला तिसरा भाग कोसळत होता, कारण मारलेल्या म्युटंटपैकी आणखी किती जण निर्दोष होते हे आता एकेक करून हाताने पाहावे लागणार होते. महिन्याभरात कॅम्पसच्या मुलाखती. बाप ट्रक चालवतो, शिक्षणाचे कर्ज आहे. आणि न लिहिले तर कोणालाही कळणार नव्हते. आकडा खोटा नव्हता. जे यंत्राने दाखवले तेच तिने लिहिले असते.

तिने विचारले, “सर, लिहू की नको?”

इथे आम्ही फार मोठी नेक गोष्ट बोललो असे वाचकांना वाटत असेल तर तसे झाले नाही. आम्ही म्हणालो, आधी अहवाल देऊन टाक, नोकरी लागू दे, मग पुढे सुधारता येईल. हे बोलताना आमच्या मनात तिच्या बापाचा चेहरा होता. तिने मान हलवली. अजानची वेळ झाली, खजूर तोंडात टाकले, भाऊ आमच्याबरोबर नमाजला आला. परत येईपर्यंत ती लॅपटॉप बंद करून बसली होती. जाताना म्हणाली, “आपने हमें बोले थे ना सर, एक बच्चे के ग्यारह पे काट मारे थे बोलके.” ही गोष्ट आम्ही तिच्या वर्गात कधीतरी सांगितली होती, ते आम्ही विसरलो होतो. तिने त्यावर आणखी काही म्हटले नाही.

ईदनंतर तिचा फोन आला. तिने सगळी यादी हाताने तपासली. बारा रात्री गेल्या. तिसरा भाग नव्याने लिहिला, आकडा खाली आला, आणि निर्दोष असून मारले गेलेले म्युटंट कोणते, याचे एक वेगळे पान जोडले. प्राध्यापकांनी ते पान परिशिष्टात टाकायला सांगितले. ती म्हणाली, मधेच राहू द्या. त्यांनी राहू दिले, वर नाराजीही दाखवली नाही. परिषदेतल्या निबंधाचे अजून ठरलेले नाही.

टेस्ट लिहून घेण्याची रीतही तिने उलटी केली आहे. मॉडेलला आता प्रोग्राम आधी दाखवायचा नाही. आधी मसले लिहून द्यायचे, हनफी वेगळे, शाफई वेगळे, दिवस चंद्राचे. त्यावरून टेस्ट तयार झाल्या की मगच प्रोग्राम पुढे आणायचा. मसले गावातल्या मौलवीसाहेबांनी उर्दूत लिहून दिले आहेत. गणिताच्या बाजूने त्यांत काही राहून गेले नाही ना, हे पाहण्यासाठी तिने ती पाने आमच्याकडे पाठवली आहेत, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिले आहे, सर, तपासून सही करावी. एकूण अठरा पाने आहेत. आमची अकरा झाली, सात राहिली आहेत. आठव्या पानावर उधार दिलेल्या पैशावरच्या जकातीचा एक मसला आहे, तो आम्हाला नीट उलगडलेला नाही. उद्या जुम्याच्या नमाजनंतर मौलवीसाहेबांना विचारायचे आहे.